गुन्हेगारी मालिकेचा शेवटचा भाग आणि तपास अधिकाऱ्याचा निरोप : या चुका टाळा

गुन्हेगारी मालिकेच्या सीझनचा शेवटचा भाग लिहिताना लेखकावर दोन कामे एकदम येऊन पडतात. महिनोन्महिने ताणून धरलेला गुन्हा उकलायचा असतो आणि त्याच भागात मालिका सोडून जाणाऱ्या तपास अधिकाऱ्याला साजेसा निरोपही द्यायचा असतो. दोन्ही शेवटच असल्यामुळे कागदावर हा योग जुळून आल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात ४५ मिनिटांच्या भागात ३८व्या मिनिटाला आरोपीच्या हातात बेड्या पडतात, ताण सुटतो, आणि उरलेली सात मिनिटे आपण कुणाच्या तरी सेवानिवृत्तीच्या समारंभाला चुकून येऊन बसलो आहोत, असे प्रेक्षकाला वाटू लागते. गेली काही वर्षे मी अशा मालिका लिहितो, आणि त्याहून अधिक वेळा दुसऱ्यांनी लिहिलेल्या भागांची डागडुजी करतो. बिघाडाची तक्रार नेहमी या सात मिनिटांबद्दल येते. दुरुस्ती मात्र क्वचितच तिथे करावी लागते.

गुन्हा एकीकडे, निरोप दुसरीकडे

ही चूक सर्वांत जास्त आढळते आणि सर्वांत उशिरा लक्षात येते, कारण वनलाइन, म्हणजे भागाचा प्रसंगवार आराखडा, वाचताना ती दिसतच नाही. ती ओळखण्यासाठी निरोपाशी संबंध असलेले सगळे प्रसंग स्क्रिप्टमधून काढून ठेवावेत आणि उरलेला तपास सलग वाचावा. एकाही दुव्याला धक्का न लागता तो जसाच्या तसा उभा राहत असेल, तर तो गुन्हा कोणत्याही अधिकाऱ्याने उकलला असता असा त्याचा अर्थ होतो, आणि मग नायकाचे जाणे हे कथेला लावलेले ठिगळ ठरते. अशा वेळी निरोपाचे संवाद कितीही घासूनपुसून घेतले तरी उपयोग होत नाही. गुन्ह्याकडेच परत जावे लागते, आणि ती केस उकलण्यासाठी त्या अधिकाऱ्याला असे काही करावे लागेल की ज्यानंतर त्या खुर्चीत बसणे त्यालाच जड जाईल, अशी तिची मांडणी करावी लागते.

‘होमिसाइड: लाइफ ऑन द स्ट्रीट’ या अमेरिकन मालिकेतील फ्रँक पेम्बल्टनचे जाणे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. आंद्रे ब्राउअर यांनी साकारलेला हा अधिकारी बंद खोलीत संशयितासमोर बसला की अजिंक्य वाटावा असा आहे. शब्द हेच त्याचे शस्त्र. १९९८ मध्ये सहाव्या सीझनच्या अखेरीस तो गोळीबारात सापडतो, ऐन क्षणी त्याचा हात चालत नाही, आणि त्याला वाचवताना त्याचा साथीदार टिम बेलिस गोळी लागून कोसळतो. पेम्बल्टन राजीनामा देतो. त्याला कोणी काढून टाकलेले नाही, बदलीचा हुकूम आलेला नाही, परदेशातली नोकरी चालून आलेली नाही. सहा सीझन जे कौशल्य आपण पाहत आलो, ते जिथे संपते नेमक्या त्याच जागी तो माणूस थांबतो, म्हणून त्याच्या जाण्याचे कारण वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

याच्या अगदी उलट टोकाचा, पण तितकाच चोख उपाय ‘डेथ इन पॅराडाइज’ या ब्रिटिश मालिकेने केला. बेन मिलर यांनी रंगवलेला रिचर्ड पूल २०१४ मध्ये तिसऱ्या सीझनच्या पहिल्याच भागात मारला जातो आणि त्याच्या खुनाचा तपास त्याच्याच चमूवर येतो. इथे निरोप हीच केस आहे, त्यामुळे दोन धागे जुळवण्याचा प्रश्नच उरत नाही. शिवाय, जाणाऱ्या माणसाने सीझनच्या शेवटच्या भागातच गेले पाहिजे हा नियमही कोणी केलेला नाही, हे त्यावरून लक्षात येते. शेवटच्या भागात आधीच दाटी झाली असेल, तर निरोप पुढे किंवा मागे सरकवण्याचा विचार आधी करावा आणि कात्री नंतर हाती घ्यावी.

कराराच्या कागदावर कथा बेतणे

पात्र जाते ते पुष्कळदा कलाकार जातो म्हणून. त्याचे कारण मानधन असते, तारखा असतात किंवा निव्वळ कंटाळाही असतो. यात लाज वाटण्यासारखे काही नाही, परंतु शेवटचा भाग चित्रित होईपर्यंत निर्णय झालेला नसतो आणि लेखक ‘काहीतरी मार्ग निघेल’ या भरवशावर शेवट मोकळा सोडतो, तेव्हा अडचण सुरू होते. ‘लॉ अँड ऑर्डर: स्पेशल व्हिक्टिम्स युनिट’ या अमेरिकन मालिकेचा बारावा सीझन मे २०११ मध्ये संपला, तेव्हा तिच्यातल्या इलियट स्टेबलर या तपास अधिकाऱ्याने ठाण्यातच गोळीबार करणाऱ्या एका मुलीवर गोळी झाडलेली होती. त्यानंतर ती भूमिका करणाऱ्या क्रिस्टोफर मेलोनी यांच्या कराराची बोलणी फिसकटली. तेराव्या सीझनच्या आरंभी स्टेबलरने नोकरी सोडल्याचे केवळ सांगण्यात आले. १२ वर्षे त्याच्या शेजारी बसलेल्या सहकारी ऑलिव्हिया बेन्सनच्या वाट्याला निरोपाचा एकही प्रसंग आला नाही. २०२१ मध्ये स्टेबलर परतला, तेव्हा न सांगता गेल्याची बेन्सनची सल हाच त्या पुनर्भेटीचा गाभा झाला. लेखकांनी त्या चुकीचेच भांडवल केले हे खरे, पण त्यासाठी दहा वर्षे थांबण्याची सोय प्रत्येक मालिकेला नसते.

दोन शेवट तयार ठेवणे हा यावरचा रूढ उपाय आहे, आणि तोही बेफिकिरीने केला तर अंगाशी येतो. ‘कॅसल’ या मालिकेच्या आठव्या सीझनच्या शेवटच्या भागात, मे २०१६ मध्ये, कॅसल हा लेखक आणि बेकेट ही पोलीस अधिकारी, असे दोघेही नायक-नायिका गोळ्या लागून जमिनीवर पडलेले दिसतात. नववा सीझन होणार नाही हे तोपर्यंत ठरले होते, त्यामुळे लगोलग ‘सात वर्षांनंतर’ असे म्हणत मुलाबाळांनी भरलेल्या सुखी घराचे एक छोटे दृश्य जोडण्यात आले. रक्तातून थेट न्याहारीच्या टेबलाकडे झालेली ती उडी पाहताना शिवण स्पष्ट दिसते. राखीव शेवट लिहायचाच असेल तर तो मूळ शेवटाच्याच ठिकाणी, त्याच रात्री आणि त्याच पात्रांमध्ये घडणारा लिहावा. त्यात केवळ शेवटचा प्रसंग, किंबहुना शेवटच्या प्रसंगातले एखादे उत्तर, बदलता यावे. फोन वाजतो आणि अधिकारी तो उचलतो किंवा उचलत नाही, इतका लहान फरक पुरेसा असतो, आणि तो एकाच दिवसात, एकाच सेटवर चित्रित होतो, हा निर्मात्याला पटण्याजोगा मुद्दाही जाता जाता पदरात पडतो.

मृत्यू हा सोपा मार्ग समजणे

पात्राला मारले की निरोपाला आपोआप वजन येते, हा समज चिवट आहे. वजन येते ते मृत्यूआधीच्या तयारीमुळे. ‘इन्स्पेक्टर मोर्स’ची अखेर २००० मध्ये नायकाच्या मृत्यूने झाली, मात्र तो कोणाच्या गोळीने मरत नाही, ढासळलेल्या प्रकृतीने मरतो, आणि ती प्रकृती प्रेक्षकाला अनोळखी नसते. शवागारात त्याचा सहायक लुइस त्याच्या कपाळाचे चुंबन घेतो, तेव्हा इतकी वर्षे त्या दोघांनी अधिकारी आणि कनिष्ठ यांच्यात पाळलेले अंतर प्रथमच मिटते. ‘एनवायपीडी ब्लू’ या अमेरिकन पोलीस मालिकेतील अधिकारी बॉबी सिमोनचे आजारपणही १९९८ मध्ये अनेक भागांतून हळूहळू उलगडत गेले. स्फोट, अपघात किंवा अचानक समोर आलेला हल्लेखोर यांनी धक्का बसतो. निरोप घडतोच असे नाही.

मृत्यू मागे घेण्याची चूक याहून महाग पडते. आपल्याकडच्या ‘सीआयडी’मध्ये एप्रिल २०२५ मध्ये एसीपी प्रद्युम्न यांचा मृत्यू दाखवण्यात आला आणि त्याच वर्षी शिवाजी साटम त्या भूमिकेत परतले. ज्यांनी लहानपणापासून ते पात्र पाहिले, त्यांना आनंद झाला असणार, मलाही झाला. परंतु यानंतर त्या मालिकेत कोणाचाही मृत्यू दाखवला तरी प्रेक्षक मनातल्या मनात परतीची तारीख मोजणार, हा तोटा पटकथेच्या खाती जमा होतो. परतीची शक्यता मोकळी ठेवायची असेल तर मृतदेह दाखवू नये, ही जुनी खबरदारी आहे. १८९३ मध्ये धबधब्यात पडलेला शेरलॉक होम्स १९०३ मध्ये परत आणता आला, कारण तो पडताना कोणी पाहिले नव्हते आणि त्याचे शव कोणाला मिळालेले नव्हते. मृतदेह दाखवला, अंत्यविधी दाखवला, सहकाऱ्यांचे अश्रू दाखवले, की तो व्यवहार पूर्ण झाला असे धरून चालावे.

भाषण

सर्व सहकारी अर्धवर्तुळात उभे, मध्ये जाणारा अधिकारी, वरिष्ठांचे दोन शब्द, मग त्याचे चार शब्द, पाठीमागे पियानो. हा प्रसंग मीही लिहिला आहे. एका मालिकेत मी माझ्या अधिकाऱ्याला पावणेदोन पानांचे भाषण दिले होते. वाचनाच्या वेळी कलाकाराने ते मनापासून वाचले, सगळे गप्प झाले, आणि ती शांतता कौतुकाची आहे असा माझा गैरसमज झाला. संकलनानंतर त्यातली तीन वाक्ये उरली होती. भाषणातला दोष भावनेत नसतो. प्रेक्षकाला जे ४० भागांत दिसले तेच पात्र त्याला पुन्हा सांगत बसते, आणि सांगितलेली गोष्ट पाहिलेल्या गोष्टीपुढे फिकी पडते.

यावर मला सापडलेला उपाय असा, की जाणाऱ्या माणसाच्या हाती एखादे रूक्ष, कार्यालयीन काम द्यावे आणि भावनेला त्या कामाच्या आडून येऊ द्यावे. नोकरी सोडताना माणसाला सरकारी शस्त्र, ओळखपत्र, चाव्या परत कराव्या लागतात. त्या कामाला नोंदवही लागते, कारकून लागतो, सही लागते. भाषणाच्या जागी मी पुढे हा प्रसंग लिहिला. शस्त्रागाराचा वयस्कर कारकून काडतुसे टेबलावर एका ओळीत मांडतो आणि बोटाने मोजतो.

“नऊ आहेत, साहेब. दहा दिली होती.”

“एक झाडली होती. पावसात.”

“त्याची नोंद आहे. कारणाचा रकाना कोरा आहे.”

ती गोळी चौथ्या भागातली. ती का झाडली, हे अधिकाऱ्याने चौकशी समितीलाही नीट सांगितलेले नव्हते, आणि सबंध सीझन त्याच एका प्रश्नाभोवती फिरत होता. तो पेन घेतो, बराच वेळ नोंदवहीकडे पाहत राहतो, मग एक ओळ लिहितो. ती ओळ आम्ही कॅमेऱ्यात येऊ दिली नाही. कारकून ती वाचतो, चष्मा काढतो, पुन्हा लावतो, आणि “सही राहिली, साहेब” एवढेच म्हणतो. प्रसंग दीड पानाचा झाला, म्हणजे जवळपास भाषणाएवढाच, पण संकलनात त्यातला एकही शब्द गेला नाही. गुन्हा आणि निरोप वेगळे पडण्याची अडचणही त्यातच सुटली, कारण शेवटचा अनुत्तरित प्रश्न निरोपाच्या प्रसंगात येऊन मिटला.

समारंभ टाळण्याचे धैर्य ‘प्राइम सस्पेक्ट’ने २००६ मध्ये दाखवले होते. हेलन मिरेन यांची जेन टेनिसन नोकरीच्या अखेरच्या दिवशी, सहकारी तिच्यासाठी मेजवानीच्या तयारीत असताना, त्यात सामील न होता ठाण्यातून एकटी निघून जाते. तिच्या स्वभावाला दुसरे काही शोभले नसते.

किरकोळ वाटणारे, पण भाग बिघडवणारे

निरोपाच्या भागात नायकाचा स्वभाव अचानक गोड करू नये. सीझनभर कनिष्ठांवर खेकसणारा अधिकारी शेवटच्या दहा मिनिटांत सर्वांची क्षमा मागू लागला, तर जो जातो आहे तो कोणीतरी वेगळाच माणूस वाटतो.

निरोपानंतर लगेच नव्या खुनाचा क्लिफहँगर, म्हणजे उत्कंठा अधांतरी ठेवणारा प्रसंग, लावण्याचा आग्रह वाहिनीकडून हमखास येतो. तो मानायचाच असेल तर क्लिफहँगर आधी घ्यावा आणि निरोप त्याच्या नंतर ठेवावा. जाणाऱ्या माणसाला ती नवी केस दिसते आणि ती आता आपली नाही हे त्याला कळते, यातून दोन्ही कामे साधतात.

नव्या अधिकाऱ्याला त्याच भागात प्रथम आणणे बहुधा फसते, कारण प्रेक्षक त्याच्याकडे घरात घुसलेल्या भाडेकरूसारखे पाहतो. गुन्ह्यांचा प्रयोगशाळेत तपास दाखवणाऱ्या ‘सीएसआय’ या अमेरिकन मालिकेने जानेवारी २००९ मध्ये, नवव्या सीझनच्या मध्यावर, चमूचा प्रमुख गिल ग्रिसमला निरोप दिला, तेव्हा त्याच्या जागी येणारा रेमंड लँग्स्टन आदल्याच भागात, त्याच केसच्या निमित्ताने, प्रेक्षकांना भेटलेला होता. आणि ग्रिसम जाताना प्रयोगशाळेच्या मार्गिकेतून चालत जातो, काचेपलीकडे कामात गढलेल्या एकेका सहकाऱ्याकडे पाहतो, आणि कोणालाही न थांबवता बाहेर पडतो.

पुढच्या सीझनचा पहिला प्रसंगही याच बैठकीत ठरवून टाकावा, नाहीतर गेलेल्या माणसाचा उल्लेख कोणी आणि कसा करायचा यावर पहिला सबंध भाग खर्ची पडतो. आम्ही तो त्याच कारकुनाला दिला. नवी अधिकारी शस्त्र घ्यायला येते, तो दहा काडतुसे मोजून तिच्यापुढे ठेवतो, नोंदवही उघडतो, आणि सही कुठे करायची म्हणून तिने मागचे पान चाळायला हात पुढे केला तेव्हा पान पालटून कोरे पान तिच्यासमोर धरतो.