ग्रॅफाइटचं काम करताय? या चुका टाळा

ग्रॅफाइट तुटलं की पहिलं वाक्य ठरलेलं: "सप्लायरने लॉट खराब दिला." लॉट कधीकधी खराब असतोही. पण तुटलेले तुकडे पिशवीत घालून आमच्याकडे येणाऱ्यांना मी आधी विचारतो, ब्लॉक कुठल्या पद्धतीने बनलेला होता? बहुतेकांना ग्रेडचा नंबर आणि किलोचा भाव सोडून काही सांगता येत नाही.

चूक पहिली: ब्लॉकची दिशा न बघता कापणं

कोकची भुकटी आणि डांबराचं पिच गरम करून मळतात, आकार देतात, 1000 अंशांच्या आसपास भाजतात आणि मग 2500 ते 3000 अंशांवर त्याचं ग्रॅफाइट करतात. आकार कसा दिला, यावर पुढचं निम्मं ठरतं. एक्स्ट्रुडेड माल सोऱ्यातून शेव पडावी तसा डायमधून बाहेर येतो आणि कोकचे लांबट कण त्याच दिशेला रांगेत बसतात. लांबीच्या दिशेने ताकद जास्त, विजेला अडथळा कमी, तापल्यावर वाढ कमी. आडव्या दिशेला सगळं उलट. साच्यात वरून दाबलेल्या मालात कण दाबाच्या दिशेला काटकोनात बसतात. आयसोस्टॅटिकमध्ये दाब चहूबाजूंनी असतो, त्यामुळे गुण सगळीकडे जवळपास सारखे आणि भाव चढा.

भोसरीतल्या एका वर्कशॉपने भट्टीसाठी लांब, बारीक हात बनवले होते. मुळाशी पटापट मोडायला लागले. दोष भट्टीवाल्यावर, नंतर सप्लायरवर. तुकडे आमच्याकडे आले. शिल्लक ब्लॉकमधून एकाच मापाच्या दोन पट्ट्या काढल्या, एक लांबीतून आणि एक आडवी, आणि मिलिओहम मीटर, म्हणजे विजेचा बारीक अडथळा मोजणारं यंत्र, लावला. मग मोडलेल्या हातातून तेवढीच पट्टी काढून मोजली. आकडा आडव्या पट्टीशी जुळला. जाड रॉडची उरलेली चकती पडून होती, ती वाया जाऊ नये म्हणून हात तिच्यातूनच, म्हणजे रॉडच्या लांबीला आडवे, काढले होते. माल चांगला होता, काटकसर महागात पडली.

ब्लॉक गाडीतून उतरला की मी पांढऱ्या मार्करने बाण काढतो. कापला की प्रत्येक तुकड्यावर परत बाण. कामाला नवीन लागलेल्या पोरांना हा बाण म्हणजे म्हाताऱ्याची खोड वाटते. वाटू दे.

चूक दुसरी: स्टीलची पिन ठोकून बसवणं

"घट्ट बसली पाहिजे ना साहेब." हिशेब करून बघा. 20 मिलिमीटरची स्टेनलेसची पिन 600 अंशांनी तापली की साधारण 0.2 मिलिमीटर फुगते. ग्रॅफाइटचं भोक तेवढ्यात वाढतं 0.06 च्या आसपास. उरलेले 0.14 मिलिमीटर पिन भोकाला आतून फाडायला वापरते. ग्रॅफाइट दाब मुकाट सोसतं, ओढ सोसत नाही. आणि भोकाभोवती येते ती ओढच. भेग भोकापासून जवळच्या कडेकडे सरळ गेली असेल तर पिनेवर संशय घ्या.

बोल्टचं उलट. स्टील जास्त लांबतं, तापल्यावर पकड सैल होते, म्हणून लोक थंडपणी आणखी आवळतात आणि तिथेच डोकं रुतून चिरा पडतात. जमेल तिथे मी ग्रॅफाइटचेच बोल्ट वापरतो, जाड आट्यांचे. धातूची पिन लागणारच असेल तर वाढीचा हिशेब करून जागा सोडतो.

बाकीच्या, थोडक्यात

वाइसमध्ये स्टीलसारखं आवळू नका. ग्रॅफाइट दाबल्यावर पूर्ण परत येत नाही. थोडं कायमचं दबतं आणि त्याचा ताठपणाही उतरतो. मी जबड्यांना पुठ्ठा लावतो.

कोपरे टोकदार ठेवू नका. ड्रॉइंगमध्ये रेडियस नसेल तर फोन करून मागून घ्या.

सर्टिफिकेटवरची बेंडिंग स्ट्रेंथ, म्हणजे वाकवून मोडताना दिसलेली ताकद, ही छोट्या नमुन्याची असते. मोठ्या जॉबला तेवढी धरू नका, सरळ ओढीला तर नाहीच.

"तापल्यावर कमजोर होतं" हे चूक. थंड होताना आत पडलेल्या बारीक चिरा तापल्यावर मिटतात, म्हणून व्हॅक्यूममध्ये किंवा आर्गन वायूमध्ये साधारण 2500 अंशांपर्यंत ताकद वाढत जाते. हवेत मात्र 400-450 च्या पुढे ते जळायला लागतं, आणि वजन दहा टक्के घटेपर्यंत ताकद निम्म्याच्या आसपास येते. तुकडा दिसायला धडधाकटच दिसतो, म्हणून मी वजनकाट्यावर ठेवतो.

मशीनिंग कोरडं करा, धूळ ओढून घ्या. ही धूळ वीज वाहते, पॅनलमध्ये गेली की शॉर्ट. कूलंट मारलंच असेल तर ते छिद्रांत मुरलेलं असतं. वापरण्याआधी रात्रभर 150 अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवा. ओला तुकडा वितळलेल्या अ‍ॅल्युमिनियममध्ये बुडवायला निघालेल्या माणसाला मी भट्टीजवळ उभा करत नाही, मग त्याची घाई कितीही असो.