सिम्युलेटरमध्ये हेलिकॉप्टर हॉवर करायला कसं शिकावं

सिम्युलेटरवर विमान सराईतपणे उतरवणारी मंडळीही हेलिकॉप्टर हाती घेतलं की पहिल्या अर्ध्या मिनिटात आपटतात. हेलिकॉप्टर जरा पुढे सरकलं की स्टिक मागे ओढली जाते, मग ते मागे जायला लागतं, मग स्टिक आणखी जोरात पुढे. प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो आणि शेवटी शेपूट जमिनीला लागते. यात हाताचा दोष कमी, नजरेचा जास्त.

हॉवर करताना, म्हणजे हवेत एकाच जागी तरंगत राहताना, आपल्याला हवी असते जागा, पण स्टिकच्या हातात जागा नसते. स्टिकने रोटर, म्हणजे डोक्यावरची फिरती पाती, कलतो. रोटर कलला की नाक खाली किंवा वर होतं, नाक खाली गेलं की हेलिकॉप्टर वेग घेतं आणि वेग घेतल्यावर मग कुठे त्याची जागा बदलते. काठोकाठ भरलेली परात घेऊन चालताना पाणी कसं हाताच्या मागून येतं आणि परात सरळ केल्यावरही हिंदकळत राहतं, तसाच हा उशीर असतो. जागा बदललेली दिसेपर्यंत तुम्ही तीन पायऱ्या मागे पडलेले असता. म्हणून सगळ्या सरावात एकच गोष्ट घोटायची: जागा सोडून द्या, नाक धरा.

कोणतं हेलिकॉप्टर घ्यावं

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये नोव्हेंबर २०२२ च्या चाळिसाव्या वर्धापनदिनाच्या आवृत्तीपासून बेल ४०७ आणि गिम्बाल कॅब्री जी२ ही दोन हेलिकॉप्टरं आहेत. एक्स-प्लेनमध्ये सिकॉर्स्की एस-७६ मिळतं. फ्लाइटगिअर पूर्ण फुकट आहे आणि त्यात बीओ १०५ आहे. डीसीएस वर्ल्डमध्ये ह्युई, म्हणजे यूएच-१एच, वेगळं विकत घ्यावं लागतं.

नवशिक्याने लहान हेलिकॉप्टर घ्यावं असं वाटणं साहजिक आहे. माझं मत उलट आहे. कॅब्रीसारखं हलकं हेलिकॉप्टर हाताच्या प्रत्येक थरथरीला उत्तर देतं, वजनदार हेलिकॉप्टर थोडं सबुरीनं घेतं. बेल ४०७ किंवा ह्युईवर सुरुवात करा. बीओ १०५ च्या रोटरला बिजागरी नाही, त्यामुळे ते स्टिकबरोबर जागच्या जागी वळतं. हात बसल्यावर त्यात फार आनंद आहे, पण आधी नको.

निवडण्यापूर्वी रोटर कुठल्या दिशेने फिरतो ते पाहून ठेवा. बेल, सिकॉर्स्की, रॉबिन्सन या अमेरिकन हेलिकॉप्टरांचा मुख्य रोटर वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. त्यामुळे ताकद वाढवली की नाक उजवीकडे पळतं आणि पायाने डावं पेडल द्यावं लागतं. फ्रेंच हेलिकॉप्टरांचं बरोबर उलट, म्हणजे कॅब्रीला उजवं पेडल लागतं. आपल्याकडची चेतक आणि चीता ही मूळची फ्रेंच अल्युएट ३ आणि लामा, म्हणून त्यांचाही रोटर घड्याळाच्या दिशेने फिरतो. नाशिकच्या लष्करी एव्हिएशन प्रशालेत आपले कितीतरी वैमानिक याच दोन हेलिकॉप्टरांवर शिकले. तुम्ही कुठलीही जात घ्या, पण एकीवर पाय बसेपर्यंत दुसरीला हात लावू नका. पुढची सगळी वर्णनं मी बेल ४०७ धरून लिहितो आहे.

जॉयस्टिक आणि सेटिंग

तीन गोष्टी हाताळायच्या असतात. सायक्लिक म्हणजे जॉयस्टिक, कलेक्टिव्ह म्हणजे वर-खाली जायचा दांडा आणि पेडल. पायाची पेडल नसतील तर वळणारी जॉयस्टिक चालते, तेवढ्यासाठी खर्च करायची घाई नको. थ्रॉटलचा दांडा कलेक्टिव्हला जोडा. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये हेलिकॉप्टरचं कलेक्टिव्ह आणि थ्रॉटल हे दोन वेगळे अक्ष आहेत, हे न पाहिल्यामुळे बरेच जण इथेच अडकतात. खऱ्या हेलिकॉप्टरमध्ये दांडा वर ओढला की ताकद वाढते, म्हणून थ्रॉटल स्वतःकडे ओढल्यावर वर जाईल अशी उलटी जोडणी काही जण करतात. दोन्ही चालतं, पण एकदा ठरवल्यावर बदलू नका.

सायक्लिकचा डेड झोन शून्य ठेवा. मधे मेलेली जागा असली की हॉवरमध्ये लागणारा बारीक दाब तिथेच गिळला जातो. संवेदनशीलता थोडी कमी करा, पण थोडीच. बरेच जण संवेदनशीलतेचा वक्र इतका वाकवतात की स्टिक मध्यावर अगदी मऊ आणि कडेला एकदम तिखट होते. अडचण अशी की हॉवरमध्ये स्टिक मध्यावर नसतेच. टेल रोटर, म्हणजे शेपटीवरचा छोटा रोटर, शेपूट तर धरतो, पण त्याबरोबर आख्खं हेलिकॉप्टर उजवीकडे ढकलतो. ते थोपवायला स्टिक सतत थोडी डावीकडे धरावी लागते आणि हेलिकॉप्टरही जरा डावीकडे कलून लटकतं. म्हणजे तुमचा हात नेमका वक्राच्या तिखट भागात काम करत राहतो.

हाच त्रास स्प्रिंगचाही आहे. जॉयस्टिकची स्प्रिंग हाताला सारखी मध्याकडे ओढते. ह्युईमध्ये फोर्स ट्रिमचं बटण आहे: स्टिक हवी तिथे न्या, बटण दाबून सोडा, मग स्टिक मध्यावर येऊ द्या. इतर ठिकाणी ती ओढ सोसावी लागते. कोपर आणि मनगट मांडीवर टेकवा, स्टिक मुठीत आवळू नका, अंगठा आणि दोन बोटांनी धरा.

आता नजर. खऱ्या कॉकपिटमध्ये बुडाला झोका जाणवतो आणि डोळ्यांच्या कडेने जमीन सरकताना दिसते. पडद्यासमोर यातलं काही नसतं, म्हणून सिम्युलेटरमधला हॉवर काही बाबतीत खऱ्यापेक्षा अवघड आहे. दृश्य थोडं रुंद करा आणि डोळ्यांची उंची वाढवा, म्हणजे डॅशबोर्डची वरची कड खाली जाईल आणि तिच्यावर क्षितिज स्पष्ट दिसेल. ती कड आणि क्षितिज यांच्यातली फट हे तुमचं मुख्य उपकरण. व्हीआर चष्मा असेल तर फरक फारच मोठा पडतो.

जागा अशी निवडा जिथे जमिनीवर खुणा भरपूर आहेत. मुंबईचा जुहू विमानतळ छान आहे, सिम्युलेटरमध्ये त्याचा कोड व्हीएजेजे. समुद्रातल्या तेल-फलाटांकडे जाणारी हेलिकॉप्टरं तिथूनच उडतात. धावपट्टीचे पट्टे, हँगर, आजूबाजूच्या इमारती, सगळं नजरेला धरायला मिळतं. समुद्र जवळ असला तरी पाण्यावर सराव नको. पाण्यावर आपण सरकतो आहोत हे कळतच नाही. वारा शून्य करा, हवामान स्वच्छ ठेवा.

पहिलं काम: नुसतं पेडल

इंजिन चालू स्थितीत धावपट्टीवर उभे राहा. कलेक्टिव्ह अगदी सावकाश वाढवत जा. हेलिकॉप्टर अजून जमिनीवरच आहे, पण स्किडवरचं, म्हणजे ज्या दांड्यांवर ते टेकतं त्यांच्यावरचं, वजन कमी होतंय आणि नाक उजवीकडे सरकायला लागलंय, अशी एक वेळ येते. तिथे थांबा. डाव्या पेडलने नाक समोरच्या खुणेवर आणा. मग कलेक्टिव्ह किंचित कमी, किंचित जास्त, आणि दर वेळी पेडल. उचलायचं नाही. कलेक्टिव्ह हलण्याआधीच पाय हलायला लागला की हे काम झालं. सिम्युलेटरमध्ये सायक्लिक सांभाळणारं सहाय्य असेल तर या टप्प्यापुरतं ते खुशाल चालू ठेवा. खरा प्रशिक्षकही आधी एकच नियंत्रण विद्यार्थ्याच्या हाती देतो.

दुसरं काम: आधी उडा, मग थांबा

बहुतेक जण जमिनीवरून सरळ उचलून हॉवर करायला जातात. मला हा उलटा रस्ता वाटतो. हेलिकॉप्टर ६० नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वेगात बऱ्यापैकी शहाण्यासारखं वागतं, शेपटीवरचे पंख त्याला सरळ ठेवतात. म्हणून सहाय्य बंद करून ५०० फुटांवर, ६० नॉटने चकरा मारा. डॅशबोर्ड आणि क्षितिज यांच्यातली फट किती असली की वेग तसाच राहतो, हे डोळ्यांत भरून घ्या.

मग धावपट्टीवर येऊन वेग उतरवत जा. ४० नॉट, ३० नॉट. साधारण २४ ते १६ नॉटच्या दरम्यान हेलिकॉप्टर थरथरेल आणि एकदम जड झाल्यासारखं खाली बसायला लागेल. पुढून येणाऱ्या ताज्या हवेचा फायदा, ज्याला ट्रान्सलेशनल लिफ्ट म्हणतात, तो इथे संपतो. कलेक्टिव्ह वाढवा आणि त्याबरोबर डावं पेडल. तीन-चार सेकंद जवळपास थांबल्यासारखं झालं की पुरे, नाक थोडं खाली करून निघून जा आणि पुन्हा फेरी घ्या. थांबण्याचे हे क्षण आपोआप लांबत जातात.

एक धोका सांभाळा. वेग ३० नॉटच्या खाली असताना मिनिटाला ३०० फुटांपेक्षा जोरात खाली येऊ नका. रोटर स्वतःच्याच खाली ढकललेल्या हवेत अडकतो, कलेक्टिव्ह ओढाल तितकं हेलिकॉप्टर जास्त खाली जातं. याला व्होर्टेक्स रिंग स्टेट म्हणतात. तसं झालं तर कलेक्टिव्ह कमी करा, नाक पुढे करा आणि वेग घेऊन बाहेर पडा.

आता हॉवर

उंची १० ते १५ फूट ठेवा. बेल ४०७ च्या रोटरचा व्यास ३५ फूट आहे. जमिनीपासून रोटर साधारण एवढ्या उंचीच्या आत असला की ग्राउंड इफेक्ट, म्हणजे जमिनीलगतच्या हवेचा आधार, मिळतो आणि कमी ताकदीत हेलिकॉप्टर तरंगतं. अगदी तीन-चार फुटांवर गेलात तर हा फायदा जास्त मिळतो, पण जरा चुकलं की शेपूट आपटते.

नजर खाली नको. पन्नासेक मीटर लांब दोन खुणा एकामागे एक धरा, उदाहरणार्थ धावपट्टीचा दिवा आणि त्याच्या मागे हँगरचा कोपरा. दोघांची रेष मोडली की तुम्ही बाजूला सरकताय.

एक दुरुस्ती सावकाश पाहू. नाक केसभर खाली जातं, फट वाढते. हेलिकॉप्टर अजून जागेवरच आहे, पण तुमचं काम आत्ता आहे. स्टिकवर मागे दाब द्या, हलवल्यासारखं वाटूही नये इतका. नाक जागेवर यायला निघालं की लगेच दाब सोडा, ते पूर्ण यायची वाट पाहू नका. तोवर थोडा वेग आलेला असेल आणि हेलिकॉप्टर हळूच पुढे सरकत असेल. तो वेग मारायला नाक नेहमीच्या जागेपेक्षा किंचित वर घ्या, एक श्वास थांबा, आणि हेलिकॉप्टर *पूर्ण थांबण्याआधीच* नाक परत हॉवरच्या जागी आणा. थांबल्यावर आणलंत तर ते मागे जायला लागलेलं असतं. सगळा हॉवर म्हणजे हीच दुरुस्ती, पुढे-मागे आणि डावी-उजवी, अखंड चालू. दीड मीटर पुढे सरकलात तर सरकू द्या. जुन्या जागेवर परतायची ओढ लागली की झोके सुरू होतात.

झोके सुरू झालेच तर स्टिक हॉवरच्या नेहमीच्या जागी आणून क्षणभर स्थिर धरा. बहुतेक वेळा निम्मे झोके तुमच्या हातानेच घातलेले असतात. तरी आवरलं नाही तर नाक खाली करून सरळ उडून जा आणि पुन्हा या.

पंधरा-वीस मिनिटांनी उठा. थकलेला हात स्टिक आवळायला लागतो आणि मग चुकीचंच अंगात मुरतं.

उतरणं, वळणं, वारा

उतरताना कलेक्टिव्ह सुतभर कमी करा आणि वाट पाहा. नजर लांबच. स्किड टेकल्यावरही कलेक्टिव्ह पूर्ण खाली जाईपर्यंत उडत असल्यासारखं सांभाळा. बाजूला सरकताना एक स्किड आधी टेकली तर हेलिकॉप्टर तिच्याभोवती उलटू शकतं. अशा वेळी वर उचलायचा मोह टाळून कलेक्टिव्ह सावकाश पण लगेच खाली घ्या.

जागेवर वळताना एक गंमत दिसेल. डावीकडे वळलं की हेलिकॉप्टर थोडं खाली बसतं, उजवीकडे वळलं की वर येतं, कारण डावं पेडल टेल रोटरसाठी ताकद मागतं. वळणं सावकाश घ्या, पूर्ण फेरीला अर्धं मिनिट लागलं तरी चालेल.

मग ८ नॉटचा वारा लावा. समोरून घेतलात तर उलट सोपं जातं, ताकद कमी लागते. पाठीवर घेतलात की शेपूट वाऱ्याकडे नाक फिरवू पाहते आणि पाय सतत कामाला लागतात. वाऱ्यात पूर्ण फेरी मारताना स्टिक नेहमी वारा येतो त्या दिशेला झुकलेली ठेवावी लागते, म्हणजे हेलिकॉप्टर फिरत असताना हाताला त्याच्या उलट फिरावं लागतं.

जुहूवर हे सगळं जमलं की लेहला जा. तिथला विमानतळ १०,६०० फुटांहून उंच आहे. लामाने १९७२ मध्ये १२,४४२ मीटर उंचीचा विक्रम केला होता आणि आपली चीता हिमालयात इतकी वर्षं का टिकली हे तिथल्या विरळ हवेत कळतं. उचलताना टॉर्कच्या, म्हणजे इंजिन किती ताकद लावतंय ते दाखवणाऱ्या, काट्यावर लक्ष ठेवा. जमिनीलगत हॉवर होईल, पण चाळीस फुटांवर ग्राउंड इफेक्ट सुटला की तेवढीच ताकद पुरेलच असं नाही. काटा मर्यादेला लागला आणि तरी खाली बसत असलात, तर कलेक्टिव्ह आणखी ओढू नका, रोटरचे फेरेच कमी होतील. नाक जरासं खाली करा, ट्रान्सलेशनल लिफ्ट मिळेपर्यंत धावपट्टीवरून सरळ पुढे जाऊ द्या आणि वेग धरल्यावरच वर चढा.