गावच्या जमिनीतून कायमचं उत्पन्न हवंय? कोकणात या चुका टाळा

गावी जमीन असलेला चाकरमानी कधी ना कधी एक हिशोब मांडतोच. दोन एकरांत कलमं लावू, जुन्या घराच्या दोन खोल्या पर्यटकांना देऊ, पाच-सहा वर्षं खर्च सोसू आणि मग निवृत्तीनंतर पैसे येत राहतील. हा हिशोब चुकीचा नाही. काजूचं कलम तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून बी देऊ लागतं आणि नीट राखलेलं हापूसचं झाड नातवंडांनाही पुरतं. पण येत राहणाऱ्या प्रत्येक रुपयामागे गावात कुणीतरी राबत असतं, विहिरीतलं पाणी उपसलं जात असतं, मातीचा कस जात असतो. माणसाचा, पाण्याचा आणि मातीचा हा वाटा पहिल्या दिवसापासून धरला, तरच कोकणात उत्पन्न टिकतं. खालच्या बहुतेक चुका हा वाटा विसरल्यामुळे होतात.

सातबारा न बघता खड्डे खणणे

पणजोबांच्या नावावरची जमीन, सातबाऱ्यावर पंचवीस-तीस नावं, त्यातली निम्मी माणसं हयात नाहीत आणि उरलेली डोंबिवली, विरार, बडोद्यात. अशा सामाईक जमिनीत एकाने कलमं लावली की पहिली चार वर्षं कुणी काही बोलत नाही. झाडं फळाला आली की भावकी जागी होते. अनुदानाच्या अर्जालाही इतर खातेदारांची संमती मागतात, तेव्हा पंचाईत होते ती वेगळीच.

आधी वारस नोंदी करून फेरफार पूर्ण करा. सगळे सहहिस्सेदार तयार असतील, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो. एखादा अडून बसला, तर निदान कुणी कुठला तुकडा कसायचा, याचं संमतिपत्र सह्यांसह करून घ्या आणि तेवढ्याच तुकड्यात लागवड करा. गावात राहून आजवर दगडी गडगे बांधणाऱ्या, वणवा विझवणाऱ्या चुलत्याला या वाटपात मान आणि थोडं झुकतं माप द्या. कायदा सगळ्यांना सारखं मोजतो, पण जमीन राखली त्यानेच.

राखणाऱ्याला नुसता तुटपुंजा पगार

पावसाळ्यात भराभर वाढलेलं गवत फेब्रुवारी-मार्चात वाळतं आणि एखादी ठिणगी आख्खी बाग घेऊन जाते. दिवाळीनंतर वणवा अडवणारा जाळपट्टा काढला का, गडग्यालगतचं गवत कापलं का, हे मुंबईतून फोनवर कळत नाही. काजूच्या बुंध्याशी भुसा दिसला, म्हणजे खोड पोखरणारा रोठा आत शिरला. तेव्हाच पटाशीने साल काढून अळी बाहेर काढली तर झाड वाचतं, दोन महिने गेले तर पानं पिवळी पडून ते वाळतं. आणि रोठा लागलेलं बेवारस झाड शेजाऱ्याच्या बागेलाही कीड पुरवतं. म्हणून बाग लावून विसरून जाणं हा मला वैयक्तिक नुकसानीपेक्षा मोठा दोष वाटतो.

हे सगळं बघणारा माणूस मन लावून बघेल कधी? बाग चांगली झाली की त्याचंही भलं होत असेल तेव्हा. त्याला उत्पन्नात सहभागी करा, पण तोंडी ‘निम्मं तुझं, निम्मं माझं’ म्हणू नका. कूळ कायद्याच्या कलम ४ मध्ये रोख किंवा वस्तूच्या रूपात मजुरी घेणारा नोकर कुळाच्या व्याख्येतून वगळलेला आहे, पिकाचा हिस्सा घेणारा मात्र वगळलेला नाही, म्हणजे तो पुढे कूळ असल्याचा दावा करू शकतो. त्यामुळे ठरलेली मजुरी आणि विक्रीनंतर रोख बक्षिसी, असा लेखी करार स्थानिक वकिलाकडून करून घ्या. दोन्ही बाजू निर्धास्त राहतात.

आंब्याच्या हंगामात राखणीला नेपाळहून आलेली कुटुंबं आपल्या बागांत महिनोन्‌महिने राहतात. पत्र्याच्या खोपटात, विजेविना, लहान मुलांसह. राहायचा मांगर नीट बांधणं, संडास, पिण्याचं पाणी, मुलांना जवळच्या शाळेत बसवणं आणि फवारणीच्या वेळी हातमोजे-मास्क पुरवणं हा बागेचाच खर्च आहे. तो वगळून दाखवलेला नफा मला नफा वाटत नाही.

बाग करारावर देऊन निर्धास्त होणे

कायमच्या उत्पन्नाचा सगळ्यात सोपा दिसणारा मार्ग हाच. तीन किंवा पाच वर्षांसाठी बाग करारावर द्यायची, एकरकमी पैसे घ्यायचे. दोन वर्षं झकास जातात. मग मालक गावी येतो तर फांद्यांची टोकं आखडलेली, पेरं तोकडी, मोहोर गुच्छासारखा दाटलेला, सालीतून डिंक आणि खालच्या काही फांद्या वाळलेल्या.

याचं कारण बहुतेक वेळा पॅक्लोब्युट्राझोल, म्हणजे आपण सरसकट ‘कल्टार’ म्हणतो ते. हे द्रव्य झाडातल्या जिबरेलिन या वाढीच्या संप्रेरकाला रोखतं, पालवी थांबते आणि मोहोर लवकर आणि दरवर्षी येतो. हापूस मुळात एक वर्षाआड फळणारा, म्हणून बागायतदारांना ते वरदान वाटलं आणि योग्य प्रमाणात ते उपयोगी आहेच. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस झाडाच्या विस्ताराच्या दर मीटर व्यासाला ०.७५ ग्रॅम क्रियाशील घटक, म्हणजे २५ टक्के तीव्रतेचं सुमारे ३ मिली औषध, १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान मुळांशी द्यायचं. कराराचं शेवटचं वर्ष आलं की ठेकेदार मोजमाप विसरतो. झाड पुढच्या वर्षी त्याचं नसतं. आणि दरवर्षी फळणाऱ्या झाडाला जे जादा खत लागतं, त्यावर खर्च करायलाही त्याला कारण उरत नाही.

करारात म्हणून चार गोष्टी लिहाच. औषध मालक स्वतः आणून देईल आणि मात्रा झाडाचा विस्तार टेपने मोजून ठरेल. शेणखत आणि खताचा पूर्ण हप्ता पावसाच्या सुरुवातीला जमिनीत गेला पाहिजे. फवारण्यांची तारीखवार वही राहील. शेवटच्या वर्षीची काही रक्कम झाडांची पाहणी झाल्यावरच हिशोबात धरली जाईल. यामुळे करार थोडा कमी पैशांत जाईल. जाऊ द्या. झाड आधीच आखडलं असेल, तर हे कल्टार दोन-तीन वर्षं पूर्ण बंद ठेवा, वाळलेल्या फांद्या छाटून कापांवर मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावा, शेणखत वाढवा आणि पालवी मोकळी येईपर्यंत उत्पन्नाची घाई करू नका. द्रव्य मातीत बराच काळ राहतं, त्यामुळे पहिल्याच वर्षी फरक दिसला नाही तरी धीर सोडू नये.

स्वस्तातली रोपं

कोकमाला पाणी कमी लागतं, सावली चालते, कीड फारशी नाही, म्हणून कमी कष्टात टिकणारं झाड म्हणून ते उत्तम आहे. २०१६ साली सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बियांपासूनच्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात, आणि ते कळायला सहा-सात वर्षं जातात. जायफळाचंही तसंच. म्हणून मादी झाडाची कलमंच घ्या, तीही विद्यापीठाच्या किंवा नोंदणीकृत रोपवाटिकेतून. कोकमाची ‘कोकण अमृता’ जात पावसाआधी तयार होते आणि फळं भिजून कुजण्याचा धोका टळतो.

सगळी जमीन एकाच पिकाखाली घालू नका. माड-सुपारीच्या वाडीत मिरी, दालचिनी, जायफळ, खाली अननस, ही ‘लाखी बाग’ दापोली विद्यापीठाने मांडली आहे आणि किनाऱ्यालगतच्या वाड्यांना ती फार शोभते. एखाद्या वर्षी अवकाळीने मोहोर गेला, तरी मिरी हात देते.

‘नुसता कातळ आहे’ म्हणून सडा फोडणे

पोकलेन लावून सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, फोडायचा, वर विकतची माती टाकायची आणि हापूस लावायचा, हे अनेक गावांत चाललं आहे. जांभ्यातून मुरलेलं पाणी खालच्या वाडीतल्या झऱ्या-विहिरींना मिळतं. पावसाळ्यात त्याच कातळावर रानफुलं येतात, गुरं चरतात, आणि कितीतरी सड्यांवर कातळशिल्पं आहेत. ही कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. तुमच्या सड्यावर अशी खोदचित्रं असतील, तर ती मातीखाली गाडणं भरून न येणारं नुकसान आहे. शक्य असेल तिथे कलमं डोंगरउतारावरच्या मातीत लावा.

मे महिन्याचं पाणी न मोजता होमस्टे काढणे

पाहुणे येतात एप्रिल-मेमध्ये, आणि विहीर तळ गाठते तीही तेव्हाच. तुमच्या पाहुण्यांच्या शॉवरसाठी वाडीची विहीर उपसली गेली, तर पहिल्याच हंगामात शेजार तुटतो.

आकडे मांडून बघा. चार पाहुणे, माणशी १०० लिटर, म्हणजे दिवसाला ४०० लिटर. वीस हजार लिटरची टाकी पन्नास दिवस पुरते. आणि १०० चौरस मीटर छपरावर वर्षाला ३००० मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे तीन लाख लिटर पाणी येतं. टाकी आधी बांधा, एसी नंतर. शोषखड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला कधीच नको, कारण जांभ्यातून घाण पाणी भराभर झिरपतं.

नवीन बांधकामाची घाईही नको. विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटर हे ना-विकास क्षेत्र असतं, तिथे उभी केलेली सिमेंटची खोली एक दिवस पाडावी लागू शकते. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००६ पासून कासव महोत्सव भरतो आणि पाहुणे गावकऱ्यांच्या राहत्या घरांतच उतरतात. साधं जेवण, खळ्यात गप्पा. पैसा अनेक घरांत वाटला जातो आणि किनाऱ्यावरची अंडी राखण्यात गावालाही रस राहतो. गावी कुणीच राहत नसेल, तर बंद घराची किल्ली बाहेरच्या कंपनीला देण्यापेक्षा शेजारच्या दोन-तीन घरांना किंवा महिला बचत गटाला बरोबर घ्या.

सौर पॅनेलला कमाई समजणे

प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे, ते जरूर घ्या. पण त्याने वाचतं ते वीजबिल. वर्षभर बंद असलेल्या घरावर जादा विजेचा मोबदला नगण्य असतो. राहत्या घरावर किंवा चालत्या होमस्टेवर मात्र ते फायद्याचं आहे. खाऱ्या वाऱ्याला टिकेल असा गॅल्व्हनाइज्ड किंवा ॲल्युमिनियमचा सांगाडा मागा.

‘झाडात पैसे गुंतवा, आम्ही सांभाळतो’

चंदन, अगरवूड, साग, आता कार्बन क्रेडिट. नावं बदलतात, आश्वासन तेच. अनेकांचे पैसे एकत्र करून, रोजच्या कारभारात त्यांचा हात न ठेवता नफा वाटण्याचं वचन देणाऱ्या योजना सेबी या बाजार-नियामकाच्या १९९९ च्या सामूहिक गुंतवणूक नियमांखाली येतात आणि त्यांना नोंदणी लागते. जमीन कुठल्या गट नंबरात आहे, सातबारा कुणाच्या नावावर आहे आणि झाडं राखणारा गावातला माणूस कोण आहे, हे तीन प्रश्न विचारा. उत्तरं मिळाली तर जाऊन प्रत्यक्ष बघा, आणि सेबीच्या यादीत नाव नसेल तर पैसे देऊ नका.