600 डॉलरच्या आतलं सगळं चालतं, असं मला वाटलं होतं

मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठाकडून टेनिस खेळते, म्हणून टेनिसच्या जोरावर तिकडे शिकायला निघालेल्या मुलामुलींचे, आणि त्याहून जास्त त्यांच्या आईबाबांचे, मला मेसेज येतात. यूटीआर (टेनिसचं रेटिंग) किती हवा, कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संस्थेकडे नोंदणी कधी करायची, हे सगळ्यांना पाठ असतं. हल्ली प्रश्न एकच: "तिकडे आता खेळाडूंना पैसेही देतात म्हणे?"

देतात. तुमच्या हाती त्यातलं फारसं लागणार नाही, हे आधीच सांगते.

जुलै 2021पासून खेळाडूला आपलं नाव नि चेहरा वापरून जाहिराती करता येतात. त्याला सगळे एनआयएल ('नेम, इमेज, लाइकनेस') म्हणतात. 6 जून 2025ला न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढलेल्या 'हाउस' खटल्यातली तडजोड मंजूर केली आणि विद्यापीठं थेट खेळाडूंना पैसे वाटायला मोकळी झाली. पहिल्या वर्षीची मर्यादा एका विद्यापीठाला सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर. आकड्याने डोळे फिरतात, पण बऱ्याच मोठ्या विद्यापीठांत त्यातला पाऊण हिस्सा अमेरिकन फुटबॉलला जातो आणि उरलेल्यातला बराचसा पुरुषांच्या बास्केटबॉलला. आम्ही टेनिसवाले पंगतीच्या शेवटी. तिथवर येईतो जिलबी संपलेली असते.

आता माझी चूक. ऑक्टोबर 2025, माझं तिसरं वर्ष. गावातल्या भारतीय किराणा दुकानाच्या काकांनी विचारलं, रॅकेट घेऊन दुकानात एक छोटा व्हिडिओ करशील का, 400 डॉलर देतो. मी शहाण्यासारखी आधी आमच्या कंप्लायन्स ऑफिसात, म्हणजे खेळाचे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या कार्यालयात गेले. तिथला माणूस म्हणाला, 600 डॉलरच्या आतलं आहे, 'एनआयएल गो'वर, म्हणजे असे करार नोंदवायच्या पोर्टलवर, नोंदवायचीही गरज नाही, खुशाल कर. केलं. चेक मिळाला.

चार दिवसांनी आय-20वर (विद्यापीठ परदेशी विद्यार्थ्याला देतं तो कागद) प्रवासाची सही घ्यायला परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात गेले. डिसेंबरमध्ये पुण्याला यायचं होतं. गप्पांच्या ओघात व्हिडिओचं बोलून गेले. बाईंनी पेन खाली ठेवलं. "शूटिंग कुठे झालं? इथेच?"

कंप्लायन्सवाले खेळाचे नियम बघतात. व्हिसा हा त्यांचा प्रांतच नाही. 600 हा आकडा असे करार तपासणाऱ्या कॉलेज खेळांच्या आयोगाचा. इमिग्रेशनला तो ठाऊकही नाही. एफ-1वर, म्हणजे आमच्या विद्यार्थी व्हिसावर, सत्र चालू असताना कॅम्पसमध्ये आठवड्याला 20 तास काम करता येतं. बाहेर मात्र परवानगीशिवाय कामाच्या बदल्यात काही घेतलं, तर ते विनापरवाना काम ठरू शकतं. मग ते 400 डॉलर असोत, 40 असोत, की फुकटचे बूट. आणि विनापरवाना काम म्हणजे व्हिसाचा दर्जाच धोक्यात. परत सांगते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं: या दोन वेगळ्या खिडक्या आहेत. तलाठ्याने सातबारा दिला म्हणून बांधकामाची परवानगी मिळाली, असं होत नाही ना? तसंच हे.

कॉलेज बास्केटबॉलमध्ये सलग दोन वर्षं देशातला सर्वोत्तम ठरलेला पर्ड्यू विद्यापीठाचा झॅक एडी कॅनडाचा, म्हणजे परदेशीच; बहुतेक जाहिराती त्यालाही सोडाव्या लागल्या. केंटकी विद्यापीठाचा ऑस्कर शीब्वेही परदेशी; 2022मध्ये संघ अमेरिकेबाहेर बहामाजला गेला तेव्हा त्याने तिथे जाहिरातींची कामं उरकून घेतली. सुट्टीत भारतात येऊन शूटिंग करायचा मार्ग त्यातलाच, पण तोही वकिलाला विचारूनच.

मी विचारलं, उशिरा. वकिलाने चेक न वटवता परत करायला, व्हिडिओ काढायला आणि हे सगळं लेखी ठेवायला सांगितलं. त्याची फी 400हून जास्त होती. आठ रात्री झोप नव्हती. पण निभावलं, मी अजून खेळते आहे, तेव्हा हे वाचून घाबरून घरी बसू नका.

'स्कॉलरशिप मिळवून देतो' म्हणून लाखांत पैसे घेणाऱ्या सल्लागारांबद्दल माझं मत कडवट आहे आणि तसंच राहील. कोच ईमेल स्वतः वाचतात. त्यांना व्हिडिओत निवडक फटके नकोत, सलग दोन-तीन गेम हवेत, चुकांसकट. मला जे कळलं ते सांगलीच्या एका सीनियर ताईच्या दोन फोनमधून.

तिने विचारायला लावलेला प्रश्न तुम्हीही विचारा: तुमचं विद्यापीठ 'हाउस' तडजोडीत सामील आहे का? असेल तर टेनिस संघात 10च जागा, पण त्या सगळ्यांना पूर्ण स्कॉलरशिप देता येते. देतीलच असं नाही. नसेल तर जुनी मर्यादा: मुलांच्या संघाला मिळून 4.5 पूर्ण स्कॉलरशिप, मुलींना 8. साडेचारात आठ-नऊ मुलं म्हणजे कुणाला अर्धी, कुणाला पाव. आणि पैसे आटले की कात्री छोट्या खेळांवर चालते. मार्च 2025मध्ये कॅल पॉलीने पोहण्याचा संघच बंद केला. संघ गेला तर माझ्या स्कॉलरशिपचं काय, हे कोचला तोंडावर विचारायला लाजू नका. मी लाजले होते.

चेक परत द्यायला गेले तेव्हा काका ओशाळले. व्हिडिओ त्यांनी माझ्यासमोरच काढला आणि चिवड्याचं पाकीट पुढे केलं, "ये तो रख ले, बेटा." मी पाकीट घेतलं, काउंटरवर पैसे ठेवले आणि पावती मागितली.