बारावीनंतर स्पीच अँड हिअरिंग टेक्निशियन व्हायचं असेल तर

बारावी सायन्स झालं की आमच्या यवतमाळकडे पोरींना नर्सिंग नाहीतर फार्मसी सुचवतात. मी तिसरी वाट धरली. आज कमी ऐकू येणाऱ्या आणि उशिरा बोलणाऱ्या लेकरांसोबत काम करते. ही वाट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

कोर्सचं नाव डी.एच.एल.एस., म्हणजे डिप्लोमा इन हिअरिंग, लँग्वेज अँड स्पीच. मुदत एक वर्ष. बारावी विज्ञान शाखेतून झालेली लागते. टक्क्यांची अट आणि राखीव जागांची सवलत त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघून घ्या. स्वतः निदान करणारे ऑडिओलॉजिस्ट (ऐकण्याचे तज्ज्ञ) किंवा स्पीच थेरपिस्ट व्हायचं असेल, तर बी.ए.एस.एल.पी. ही डिग्री आहे, इंटर्नशिप धरून चार वर्षांची. मार्क आणि घरची ऐपत असेल तर सरळ डिग्रीच करा. लवकर कमवायला लागणं गरजेचं असेल, तर डिप्लोमा घ्या. मात्र डिप्लोमावाल्याने थेरपिस्टच्या देखरेखीखाली काम करायचं असतं. निदानाच्या रिपोर्टवर सही त्यांची.

फी भरण्याआधी एक गोष्ट पक्की करा. संस्थेला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, त्याच वर्षाची मान्यता आहे का? यादी परिषदेच्या वेबसाइटवर असते. ‘तीन महिन्यांत घरबसल्या स्पीच थेरपिस्ट’ अशा जाहिरातींकडे वळूनही पाहू नका. 1992 च्या आरसीआय कायद्यानुसार नोंदणी नसताना हे काम करणं गुन्हा आहे. त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. पास झाल्यावर परिषदेच्या नोंदवहीत नाव चढतं आणि नंबर मिळतो. नोकरीच्या ठिकाणी पहिल्यांदा तोच नंबर विचारतात.

या विषयातल्या मोठ्या सरकारी संस्था आपल्यापासून दूर आहेत. एक मैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था, 1965 ची. दुसरी मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था, 1983 ची. मैसूरवाल्यांनी 2007 पासून हा डिप्लोमा इतर राज्यांतल्या केंद्रांतही व्हिडिओवरून शिकवायला घेतला. सध्या कुठलं केंद्र चालू आहे ते फोन करूनच विचारा. वांद्र्याला चौकशीला जायचं असेल तर बडनेऱ्याहून विदर्भ एक्सप्रेस धरा, दादरला उतरा आणि पश्चिम रेल्वेची लोकल घ्या. सोबत दहावी-बारावीच्या मार्कशीट, टीसी, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला ठेवा. दाखल्यांसाठी सेतू केंद्रात निकालाच्या आधीच अर्ज टाका, निकालानंतर तिथे पाय ठेवायला जागा नसते.

शिकताना सर्वांत जास्त वेळ ऑडिओमीटरला, म्हणजे किती ऐकू येतं ते मोजणाऱ्या यंत्राला, द्या. आधी कानात ऑटोस्कोपने, म्हणजे कानात बघायच्या दिव्याच्या दुर्बिणीने, बघायचं. मळ किंवा पू दिसला तर सरांना दाखवायचं. मग हेडफोन लावून सूर ऐकवायचा. पेशंटने बोट वर केलं की 10 डेसिबल कमी करायचं, नाही केलं की 5 ने वाढवायचं. असं खाली-वर करत त्याला जेमतेम ऐकू येणारी पातळी शोधायची. ती पातळी तक्त्यावर मांडताना उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली. हे हातात बसेपर्यंत मैत्रिणींचे कान तपासत राहा. लहान लेकराला बोट वर कर म्हटलेलं समजत नाही. त्याच्यापुढे एक दांडा ठेवायचा, हातात प्लास्टिकची बांगडी द्यायची आणि आवाज आला की बांगडी दांड्यात घालायची, हा खेळ आधी शिकवायचा. लेकरू तुमच्या तोंडाकडे बघून बांगडी टाकत असेल तर ते आवाज ऐकत नाही, तुमचा चेहरा वाचतंय. अशा वेळी त्याची बसायची जागा बदला.

श्रवणयंत्र लावलेल्या मुलाची रोजची तपासणी तर आईलाही शिकवता येते. तोंडापुढे कागद धरायचा, म्हणजे ओठ दिसत नाहीत, आणि आ, ई, ऊ, म, श, स हे सहा आवाज एकेक काढायचे. मुलाने ऐकून तसेच म्हणून दाखवायचे किंवा हात वर करायचा. काल ‘स’ ऐकणारा मुलगा आज ऐकत नसेल, तर आधी बॅटरी बघा, मग यंत्राच्या कानात बसणाऱ्या साच्याचं भोक मळाने बुजलं का ते बघा. आपल्याकडे उन्हाळ्यात घामाने आणि पावसाळ्यात ओलीने यंत्रं फार बिघडतात. रात्री यंत्र सिलिका जेलच्या पुडीसोबत घट्ट झाकणाच्या डबीत ठेवायला सांगा.

आता जे आपल्या भागातल्या विद्यार्थ्यालाच जास्त चांगलं जमेल, ते सांगते. उच्चाराच्या चाचणीत मूल डोळ्याला ‘डोया’ म्हणतं, काळ्याला ‘काया’, पाण्याला ‘पानी’. प्रमाण मराठीच्या कानाला हे तीन दोष वाटतील. यातला एकही दोष नाही, ती वऱ्हाडी आहे. आईला बोलतं करा. ती ‘डोया’च म्हणत असेल तर विषय संपला, तिथे लेकराला दुरुस्त करायला जाऊ नका. पण पाच वर्षांचं पोरगं काकूला ‘तातू’ म्हणत असेल तर ते कुठल्याच बोलीत बसत नाही, तिथे थेरपी लागते. हा फरक तुमचा कान घरूनच शिकून आलेला आहे. क्लिनिकमध्ये तुमची नजर चाचणीच्या कागदावर लिहिलेल्या प्रमाण मराठीतल्या उत्तरांवर असते, म्हणून हे मुद्दाम सांगते.

चित्रंही आपल्याकडची वापरा. तयार कार्डांवर जिराफ आणि स्ट्रॉबेरी असते. त्याऐवजी बंडी, टोपलं, पऱ्हाटी, बकरी, तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल यांचे फोटो मोबाइलवर काढून घ्या. पाहिलेल्या वस्तूचं नाव लेकरू आपणहून घेऊ पाहतं.

गावात आजी सांगते, “त्याचा बाप बी उशिराच बोलला होता जी.” जिभेला वेखंड आणि मध चोळणं सुरू असतं. आजीशी वाद घालू नका, चहा घ्या, ऐकून घ्या. पण कानाची तपासणी त्याच आठवड्यात करायला लावा. दोन वर्षांचं मूल ‘आई ये’, ‘दूध दे’ असे दोन शब्द जोडत नसेल तर थांबायचं नाही. कमी ऐकू येणं जन्मानंतर पहिल्या महिन्यात हेरायचं, तिसऱ्यापर्यंत निदान करायचं आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू करायचे, अशी जगभर पाळायची पद्धत आहे. आपल्याकडे चार-पाच वर्षांची मुलं पहिल्यांदा येतात, कारण तपासणी जिल्ह्याला होते आणि एका खेपेत दिवसाची मजुरी बुडते. म्हणून तुम्ही परत या भागात यावं, असं मला मनापासून वाटतं.

नोकरी कुठे बघायची? कर्णबधिर मुलांच्या शाळा, जिल्हा रुग्णालयातलं लवकर हस्तक्षेप केंद्र म्हणजे डीईआयसी, कर्णबधिरता नियंत्रण कार्यक्रमातली ऑडिओमेट्रिक असिस्टंटची जागा, खाजगी ईएनटी क्लिनिक, श्रवणयंत्रांची दुकानं. सरकारी जागा बहुतेक कंत्राटी असतात, जाहिरात जिल्हा परिषदेच्या किंवा आरोग्य विभागाच्या वेबसाइटवर येते. दुकानात लागलात तर यंत्र विकण्याचं टार्गेट असेल का, हे रुजू होण्याआधी विचारा. शाळा आणि अंगणवाड्यांतली मुलं तपासणाऱ्या आरबीएसकेच्या, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या, पथकाशी ओळख ठेवा. गावोगावची लेकरं आधी त्यांनाच दिसतात आणि तुमच्याकडे पाठवणारेही तेच असतात.