सांगलीच्या अडत दुकानात एनएफएस सर्व्हर: कर्नलमध्ये काय चालू करायचं आणि काय सांभाळायचं

मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानात मी लिनक्सवर पहिला एनएफएस फाइल सर्व्हर लावला (एनएफएस म्हणजे एका मशीनवरचं फोल्डर नेटवर्कवरच्या बाकी कॉम्प्युटरना वापरायला देण्याची पद्धत), तेव्हा डोक्यात एकच होतं: फाइल पटकन उघडली पाहिजे. एक्सपोर्टमध्ये, म्हणजे कोणतं फोल्डर कोणाला द्यायचं त्या ओळीत, ‘असिंक’ (डिस्कवर जायची वाट न बघणं) लिहिलं, वेग वाढला, सगळे खूश. मग सौदे जोरात असताना एका दुपारी लाइट गेली. चारही कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर होते, सर्व्हर मात्र साध्या सॉकेटवर. लाइट आल्यावर बघतो तर तेरा पट्ट्या (शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाच्या पावत्या) गायब, आणि लिहिणाऱ्याच्या स्क्रीनवर त्या सेव्ह झालेल्या होत्या. शेतकरी दारात उभे आणि आम्ही तोलाईच्या वहीतून वजनं पुन्हा उतरवून घेतोय. तेव्हापासून आधी डेटा, मग वेग, याच क्रमाने मी काम करतो. खालच्या पायऱ्याही त्याच क्रमाने आहेत. कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप अर्थातच रोमन अक्षरांत करायच्या.

आधी बघा, कर्नल बांधायची गरज आहे का

कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि तो बांधायचा म्हणजे सोर्सवरून स्वतः तयार करायचा. डेबियन किंवा उबुंटू हे तयार लिनक्स असेल तर बहुतेक गरज नाही. ‘यूनेम’ला ‘वजा आर’ लावून कर्नलची आवृत्ती काढा. बूट फोल्डरमध्ये त्याच आवृत्तीच्या नावाची कॉन्फिग फाइल असते, तिच्यात ‘ग्रेप’ने ‘कॉन्फिग अंडरस्कोअर एनएफएसडी’ शोधा. समोर ‘एम’ दिसला तर सर्व्हर मोड्यूल (गरज पडली की कर्नलला जोडला जाणारा भाग) म्हणून हजर आहे, ‘वाय’ दिसला तर कर्नलमध्येच बसवलेला आहे. दोन्ही चालतात. मग फक्त ‘एनएफएस कर्नल सर्व्हर’ हे पॅकेज टाकायचं आणि पुढचा भाग सोडून एक्सपोर्टकडे वळायचं.

बांधावंच लागलं तर

छोट्या बोर्डवर किंवा स्वतः बांधलेल्या कर्नलवर हा पर्याय अनेकदा बंद असतो. चालू कर्नलची कॉन्फिग फाइल सोर्सच्या फोल्डरमध्ये ‘डॉट कॉन्फिग’ नावाने कॉपी करा, ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ चालवा, मग ‘मेक मेन्यूकॉन्फिग’. मेन्यूत ‘फाइल सिस्टिम्स’, त्यात ‘नेटवर्क फाइल सिस्टिम्स’. इथे जरा थांबा. ‘एनएफएस क्लायंट सपोर्ट’ आणि ‘एनएफएस सर्व्हर सपोर्ट’ असे दोन वेगळे पर्याय आहेत. सर्व्हर फाइली देतो, क्लायंट त्या मागतो. घाईत क्लायंटवर खूण होते, तासभर कंपाइल चालतं आणि शेवटी सर्व्हर उठत नाही. आपल्याला सर्व्हर हवा. त्याला ‘एम’ द्या आणि त्याच्या पोटातलं ‘आवृत्ती ४’ चालू करा. आवृत्ती २ ला हात लावू नका, ती कालबाह्य आहे.

ज्या डिस्कवर फाइली राहणार, त्या फाइल सिस्टिमचं ‘पॉझिक्स एसीएल’ही (कोणाला काय परवानगी याची सविस्तर यादी) चालू आहे ना ते बघा. ईएक्सटी४ आणि एक्सएफएस दोन्हींना तो पर्याय स्वतंत्र आहे. दुकानात विंडोजचे कॉम्प्युटर असतील तर सांबा, म्हणजे विंडोजला फाइली देणारा प्रोग्रॅम, लागेल. सांबा कर्नलबाहेर चालतो, त्याला वरचा एनएफएसचा पर्याय लागत नाही, पण परवानग्या नीट बसायच्या तर एसीएल त्यालाही हवं.

पुढे ‘मेक’, ‘मेक मोड्यूल्स इन्स्टॉल’, ‘मेक इन्स्टॉल’. जुना कर्नल बूट मेन्यूतून काढू नका. नवा उठला नाही तर त्याच्यावरूनच परत यायचं असतं.

एक्सपोर्टची ओळ

‘ईटीसी’मधल्या ‘एक्सपोर्ट्स’ फाइलमध्ये एक ओळ लिहायची: फोल्डर, मग कोणाला द्यायचं ते नेटवर्क, आणि त्याला चिकटून कंसात पर्याय. चिकटून हा शब्द अक्षरशः घ्या. नेटवर्कचा पत्ता आणि कंस यांच्यामध्ये एक स्पेस पडली, तर कंसातली ‘वाचा-लिहा’ परवानगी सर्व्हरपर्यंत पोचू शकणाऱ्या कोणालाही मिळते आणि तुमच्या स्वतःच्या नेटवर्कला फक्त वाचायला मिळतं. ओळ दिसायला बरोबर दिसते, कोणी ओरडत नाही. म्हणून लिहून झाल्यावर ‘एक्सपोर्टएफएस वजा आरए’ आणि मग ‘एक्सपोर्टएफएस वजा व्ही’ चालवून सर्व्हरने ती कशी वाचली ते बघाच.

कंसात ‘सिंक’ लिहा. एनएफएसमध्ये क्लायंट डेटा पाठवतो आणि शेवटी ‘कमिट’ मागतो. सर्व्हरने ‘डिस्कवर गेलं’ म्हणेपर्यंत क्लायंट स्वतःची प्रत जपून ठेवतो, आणि सर्व्हर मध्येच बंद पडून उठला तर उरलेलं पुन्हा पाठवतो. ‘असिंक’मध्ये सर्व्हर डेटा रॅममध्ये असतानाच ‘झालं’ म्हणून मोकळा होतो, क्लायंट आपली प्रत सोडून देतो. माझ्या तेरा पट्ट्या तिथेच गेल्या.

मग कर्नलची मेमरी

लिहायचा डेटा कर्नल आधी रॅममध्ये साठवतो. मूळ सेटिंगप्रमाणे तो साठा उपलब्ध मेमरीच्या २० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. १६ जीबीच्या मशीनवर साधारण ३ जीबी. साधी हार्ड डिस्क सेकंदाला शंभरेक एमबी लिहिते. म्हणजे साठा एकदम उतरवायची वेळ आली तर अर्धा मिनिट सगळे ताटकळत बसणार. म्हणून ‘सिसकंट्रोल डॉट डी’ फोल्डरमध्ये एक छोटी फाइल करून ‘व्हीएम डॉट डर्टी बॅकग्राउंड बाइट्स’ ६७१०८८६४ आणि ‘व्हीएम डॉट डर्टी बाइट्स’ २६८४३५४५६ ठेवा. म्हणजे ६४ आणि २५६ एमबी. ‘सिसकंट्रोल’ला ‘सिस्टिम’ हा पर्याय देऊन लागू करा. बाइट्सचे आकडे दिले की टक्क्यांचे आकडे शून्य दिसतात, ते बरोबरच आहे. बाकी नेटवर्क बफरचे आकडे चार-पाच कॉम्प्युटरसाठी आहेत तसेच राहू द्या.

सर्व्हर कोणत्या आवृत्त्या देतोय तेही बघा. प्रोक (कर्नलची चालू माहिती दाखवणारं फोल्डर) याच्यातल्या ‘एनएफएसडी’ फोल्डरमध्ये ‘व्हर्जन्स’ फाइल आहे. तिच्यात ४ च्या आधी अधिकचं चिन्ह दिसलं पाहिजे. फक्त आवृत्ती ४ वापरत असाल तर फायरवॉलमध्ये टीसीपीचं २०४९ पोर्ट तेवढं पुरतं, आणि तेही दुकानाच्या नेटवर्कपुरतंच उघडा.

सर्व्हर ठेवायचा वरच्या मजल्यावर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. तळमजल्यावरच्या मशीनला कर्नलचा कुठलाच पर्याय वाचवत नाही.

शेवटी वायर ओढा

दुकान बंद असताना, बॅकअप घेऊन, एका क्लायंटवरून मोठी फाइल कॉपी करायला लावा आणि मध्येच सर्व्हरची वायर काढा. क्लायंटवर माउंट (सर्व्हरचं फोल्डर जोडणं) ‘हार्ड’ असेल, म्हणजे उत्तर येईपर्यंत वाट बघणारा असेल, आणि मुळात तो तसाच असतो, तर कॉपी जागच्या जागी थबकेल आणि लॉगमध्ये ‘सर्व्हर उत्तर देत नाही, प्रयत्न चालू आहे’ अशा अर्थाची ओळ येईल. घाबरून काही बंद करू नका. वायर परत लावा, सर्व्हर उठू द्या, मिनिट-दोन मिनिटं थांबा. कॉपी आपोआप पुढे सरकेल. पूर्ण झाल्यावर मूळ फाइल आणि सर्व्हरवरची फाइल दोन्हींवर ‘एसएचए२५६सम’ चालवा. ही कमांड फाइलच्या मजकुरावरून एक ओळखआकडा काढते. दोन्ही आकडे अक्षरन्‌अक्षर जुळले, की सोमवारी सौद्यांसाठी मशीन दुकानदाराच्या ताब्यात द्या.