हिवाळ्यात ट्रेनरवर बसायचं जिवावर येतंय? या चुका टाळा

पुण्यात होतो तोवर हिवाळा म्हणजे सायकलचा हंगाम. पहाटे कानटोपी घालून निघायचं आणि सिंहगडाच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंत अंग तापलेलं असायचं. टोरांटोला आल्यावर सगळं उलटं झालं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ तासभर मागे जातं आणि डिसेंबरच्या मध्यावर पावणेपाचच्या आत सूर्य मावळतो. रस्त्यावर बर्फ, बर्फावर मीठ, त्यात उणे दहाचा वारा. मग सायकल बेसमेंटमध्ये ट्रेनरला, म्हणजे ती जागच्या जागी धरून घरातच पेडल मारू देणाऱ्या यंत्राला, चढते ती मार्च संपेपर्यंत उतरत नाही.

पहिल्या दोन हिवाळ्यांत संक्रांतीच्या सुमारास माझं सगळं थंडावलं. माझ्यातच जिद्द कमी आहे असं वाटायचं. आता ओळखीतलं कोणी फेब्रुवारीत फोन करून म्हणतं, "अरे, मनच लागत नाही रे", तेव्हा मी आधी एकच विचारतो: पंखा कुठे ठेवलायस? बहुतेक वेळा दुखणं मनाचं नसतं. ते उकाड्याचं, चुकीच्या सीटचं, अडून बसलेल्या फोनचं आणि बिनठरावाच्या तासाभराचं असतं. ही दुखणी दुरुस्त करता येतात.

"बाहेर बर्फ पडतोय, पंखा कशाला?"

सगळ्यात जास्त लोक इथे हरतात, म्हणून यावर जरा वेळ घालवतो.

पेडल मारताना शरीर जेवढी ऊर्जा जाळतं तिच्यातली साधारण वीस ते पंचवीस टक्केच पेडलपर्यंत पोहोचते. बाकीची उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणजे ट्रेनर १५० वॉट दाखवत असेल तेव्हा तुमचं शरीर साडेचारशे ते सहाशे वॉटचा हीटर झालेलं असतं. रस्त्यावर ताशी पंचवीसच्या वेगाने जाताना समोरून वारा लागतो आणि घाम जागच्या जागी वाळतो. बेसमेंटमध्ये हवा हलतच नाही. अंगाभोवती गरम, दमट हवेचं कोंडाळं तयार होतं आणि घाम वाळायच्या ऐवजी नुसता गळत राहतो.

पुढचं तुम्ही अनुभवलं असेल. दहाव्या मिनिटाला सगळं ठीक असतं. पंचविसाव्या मिनिटाला वॉट तेवढेच असतात, पण हृदयाचे ठोके दहा-पंधराने चढलेले असतात. शरीर रक्त कातडीकडे वळवतं, म्हणजे गार व्हायला. पायांसाठी हृदयाला जास्त धावावं लागतं. आपल्याला मात्र एवढंच कळतं की आज नको वाटतंय. आणि "आज नको" हे आठवड्यातून तीनदा वाटलं की ट्रेनरवर कपडे वाळत घालायला सुरुवात होते.

उपाय सोपा आहे. मोठा पंखा घ्या, टेबलावरचा छोटा नको. तो समोर थोडा बाजूला, हँडलबारच्या उंचीवर ठेवा. झोत छातीवर आणि तोंडावर यायला हवा. दुसरा पंखा असेल तर पाठीमागून. पहिली पाच मिनिटं बंद ठेवा, अंग तापलं की सुरू करा. बटण बसल्या जागी हाताला यायला हवं, नाहीतर उतरायचा कंटाळा करून तुम्ही तसेच उकडत बसाल. खोलीचं हीटिंग कमी करा. सुरुवातीला अंगावर काटा येतोय असं वाटलं तर खोली अगदी बरोबर आहे.

पाण्याचंही तसंच. गळ्याशी थंडी असली की तहान लागत नाही, पण घाम तर जातोच. बसण्याआधी आणि उतरल्यावर, घामाने भिजलेले कपडे काढून, वजन करून बघा. एक किलो कमी भरलं तर साधारण लिटरभर पाणी गेलं. मी तासाला एक मोठी बाटली संपवतो, त्यात लिंबू, मीठ, साखर. घरून आलेलं कोकम आगळ असेल तर त्याचं सरबत, मीठ जरा पुढे करून. सकाळी उपाशीपोटी बसू नका. राजगिऱ्याचा एक लाडू किंवा दोन-तीन खजूर पुरतात.

महाराष्ट्रात जुलै-ऑगस्टच्या पावसात घरात ट्रेनर लावणाऱ्यांना हे सगळं दुपटीने लागू आहे. तिकडे हवेतच एवढी ओल असते की पंख्याशिवाय घाम वाळायचं नावच घेत नाही.

रोज मांडायचं, रोज आवरायचं

सायकल भिंतीवरून काढा, ट्रेनर ओढा, चाक काढा, लॅपटॉप शोधा. या पंधरा मिनिटांत निम्मी माणसं गळतात. जागा कितीही लहान असली तरी सायकल ट्रेनरवर कायमची चढवून ठेवा. शॉर्ट्स, टॉवेल, बाटली आदल्या रात्री तिथेच.

फोन आणि ट्रेनर जुळत नाहीत ही दुसरी कटकट. ब्लूटूथवर बरेच ट्रेनर एका वेळी एकाच उपकरणाशी बोलतात. काल फोनवर उघडलेलं ट्रेनरच्या कंपनीचं ॲप मागे चालू राहिलं असेल तर आज लॅपटॉपला ट्रेनर सापडणार नाही. ते ॲप पूर्ण बंद करा, फोनचं ब्लूटूथ बंद करा, मग लॅपटॉपवर शोधा. सॉफ्टवेअर अपडेट आदल्या रात्री उरकायचे, चढायच्या वेळी कधीच नाही. वॉट अचानक भलतेच दाखवू लागले तर दहा मिनिटं पेडल मारून ट्रेनर गरम करा आणि मग कॅलिब्रेशन करा, म्हणजे त्याचं मोजमाप पुन्हा जुळवून घ्या. गार ट्रेनरचं कॅलिब्रेशन फसवतं.

मागच्या चाकाला रोलर लागणारा ट्रेनर असेल तर टायरची हवा दर आठवड्याला सारखीच भरा. हवा कमी-जास्त झाली की तेच पेडल कधी लोण्यासारखं, कधी दगडासारखं लागतं, आणि आपण उगाच स्वतःला दोष देतो.

अर्गमध्ये अडकून पडणं

स्मार्ट ट्रेनरला, म्हणजे ॲपच्या सांगण्यावरून ब्रेक आपोआप आवळणाऱ्या ट्रेनरला, अर्ग मोड असतो. तुम्ही २०० वॉट सांगितले की गिअर कुठलाही असो, तो २०० वॉट करूनच घेतो. उत्तम सोय, पण एक खोच आहे. पेडल ९० च्या लयीत फिरत असतील तर २०० वॉटसाठी जेवढा जोर लागतो, त्याच्या दीडपट ६० च्या लयीत लागतो. दमल्यावर लय मंदावते, लय मंदावली की ट्रेनर ब्रेक आणखी आवळतो, त्याने लय आणखी मंदावते. शेवटी पेडल चिखलात रुतल्यासारखं थांबतं. हे दोनदा झालं की माणूस ट्रेनरला घाबरायला लागतो.

रुतायला लागलं की झुंजू नका. पेडल थांबवा, पाच-सहा सेकंद दम घ्या, ब्रेक सुटू द्या. मग हलक्या पायाने लय ९० च्या वर न्या आणि जोर हळूहळू येऊ द्या. ॲपमध्ये त्या दिवसाचा जोर पाच टक्क्यांनी कमी करायची सोय बहुतेक ठिकाणी असते, ती बिनधास्त वापरा. आणि प्रत्येक जड टप्पा सुरू होण्याच्या पाच सेकंद आधीच लय वाढवून ठेवा. ही एक सवय लागली की अर्गची भीती जाते.

बाहेरचे आकडे घरात

रस्त्यावर दोन तास आरामात होतात, मग घरात दोन तास का जमत नाहीत? रस्त्यावर सिग्नल असतात, उतार असतात, पाय मोकळे सुटतात. ट्रेनरवर उतार नाही. तिथले ६० मिनिटं म्हणजे खरेच ६० मिनिटं पेडल. कामाच्या दिवशी ४५ मिनिटं पुष्कळ झाली.

एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल असा जोर, घरातला वेगळा काढा. अनेकांचा तो बाहेरच्यापेक्षा कमी भरतो. २० मिनिटांची चाचणी करायची आणि सरासरीचे ९५ टक्के धरायचे, ही रूढ पद्धत ठीक आहे. पण ती त्याच खोलीत, त्याच पंख्यासमोर करा. सप्टेंबरात रस्त्यावर काढलेल्या आकड्यावर डिसेंबरचं वेळापत्रक बसवलं तर प्रत्येक दिवस हरल्यासारखा जातो.

आणि रोज शर्यत लावू नका. झ्विफ्ट या पडद्यावरच्या रस्त्यांवर सायकल चालवायच्या ॲपवर तर कुठल्याही क्षणी कोणी ना कोणी शर्यत लावलेलीच असते, मोह होतो. आठवड्यात दोन दिवस जड, बाकी एवढं हलकं की फोनवर आईशी न धापता बोलता यावं. मी खरंच बोलतो. रविवारी सकाळी इकडचे साडेसात म्हणजे तिकडचे संध्याकाळचे सहा, आईला व्हिडिओवर घेतो. पाऊण तास कधी सरतो कळत नाही.

नुसतं "फिट राहायचंय"

एवढ्यावर चार महिने निघत नाहीत. तारीख हवी. मी एप्रिलअखेरीची २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, धरतो. साडेतेरा तासांत पुरी करायची असते. बारा आठवडे मागे मोजत गेलं की जानेवारीच्या शेवटी सुरुवात होते, आणि नेमकं तेव्हाच मन ढेपाळत असतं. महाराष्ट्रातल्या लोकांनी पावसाळ्यात ट्रेनरवर बसताना हिवाळ्यातली ब्रेव्हे डोळ्यांसमोर ठेवावी. नाशिकच्या महाजन बंधूंनी, डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र यांनी, २०१५ मध्ये दोघांच्या संघात 'रेस अक्रॉस अमेरिका' ही अमेरिका आरपार ओलांडायची सायकलशर्यत पुरी केली, तेव्हापासून लांब पल्ल्याच्या सायकलिंगकडे आपल्याकडे किती लोक वळले हे आपण पाहतोच आहोत. आपली तारीख एवढी मोठी असायची गरज नाही, पण कॅलेंडरवर गोल केलेला हवा.

एका बैठकीतही तुकडे हवेत. घड्याळाकडे बघत ४५ मिनिटं काढणं म्हणजे शिक्षा. झ्विफ्टवरची आल्प द्यू झ्विफ्ट ही चढण फ्रान्सच्या आल्प द्युएझवर बेतलेली आहे, सुमारे बारा किलोमीटर, हजारएक मीटर चढ. ती लोकांना परत परत का चढावीशी वाटते? कारण तिला २१ वळणं आहेत. डोकं बारा किलोमीटरचा विचार करत नाही, पुढच्या वळणाचा करतं.

माझा सगळ्यात आवडता तुकडा मला क्रिकेटने दिला. २५ डिसेंबर २०२४. तिकडे मेलबर्नला २६ तारखेचे सकाळचे साडेदहा, इकडे नाताळच्या संध्याकाळचे साडेसहा. सगळं शहर बंद, बाहेर काळोख. भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी लावली आणि पेडल सुरू केलं. कसोटीत तासाला पंधरा षटकं अपेक्षित असतात, म्हणजे षटकाला साधारण चार मिनिटं. एका टोकाकडून बुमराह टाकत होता. त्याचं षटक आलं की जोर, दुसऱ्या टोकाचं षटक हलकं. चार मिनिटं जड, चार मिनिटं हलकी, म्हणजे पाठ्यपुस्तकातलं इंटरव्हल आपोआप झालं. ऑस्ट्रेलियाच्या सलामीवीर कोन्स्टासने पदार्पणातच बुमराहला रिव्हर्स स्कूप मारला तेव्हा माझे वॉट आपोआप वर गेले. त्या दिवशी मी पाऊण तासासाठी बसलो होतो, उतरलो तेव्हा सव्वा तास झाला होता. कथानकात गुंतवणारी मालिका मात्र जड दिवशी नको. डोळे पडद्यावर आणि पाय सुस्त असं होतं.

सीट टोचतेय पण सांगायची लाज

बधिरपणा आला तर सहन करू नका. रस्त्यावर सायकल डुलते आणि आपण नकळत हलत राहतो. ट्रेनरवर ती जखडलेली असते, म्हणून त्याच जागी भार साचतो. दर आठ-दहा मिनिटांनी वीस-तीस सेकंद उभं राहून पेडल मारा, गिअर एक-दोन जड करून. पॅडच्या शॉर्ट्सखाली अंतर्वस्त्र घालू नका, शिवण कातडी सोलते. मागचं चाक उचललं गेलं असेल तर पुढच्या चाकाखाली ठोकळा द्या, नाहीतर सगळा भार तळहातांवर येतो. हे करूनही बधिरपणा राहिला तर फिटिंग करून घ्या, म्हणजे सीट आणि हँडलबार आपल्या मापाला बसवून घ्या. तोवर वेळ कमी ठेवा.

चुकलेले दिवस भरून काढणं

तीन दिवस गेले तर गेले. चौथ्या दिवशी दुप्पट करू नका, ठरलेलंच करा. अगदीच नको वाटलं तर दहा मिनिटं हलकं पेडल मारायचं, मग उतरायची मुभा. ताप असेल, छातीत कफ असेल तर तीही नाहीत.

पण एक गोष्ट वेगळी ओळखायला हवी. या अक्षांशावर हिवाळ्यात उजेड फार थोडा असतो. दोन-तीन आठवडे झोप बिघडलेली, खाणं बदललेलं आणि सायकलच काय, माणसंही नकोशी झालेली असतील, तर हा आळस नव्हे. डॉक्टरांना दाखवा. आपल्या लोकांत हे बोललं जात नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय. आणि ट्रेनर कितीही चांगला चालला असला तरी दुपारी वीस मिनिटं उन्हात चालून या.

घाम सायकलवर

पहिल्या वर्षी मी टॉवेल फक्त तोंड पुसायला ठेवत असे. मार्चमध्ये हँडलबारची टेप उलगडली तर आतून ओल्या खडूसारखी पांढरी भुकटी सांडली. ॲल्युमिनियम मिठाने खाल्लं होतं; ब्रेकच्या क्लॅम्पखाली नख लावलं तर खड्डा लागत होता. हँडलबार धरून ठेवणाऱ्या स्टेमचा एक बोल्ट फिरेना, शेवटी डोकं तुटून हातात आलं. ते हँडलबार तसंच घेऊन मी रस्त्यावर उतरलो असतो तर, हा विचार अजून अंगावर येतो.

तेव्हापासून हँडलबारवर एक जाड टॉवेल आडवा आणि दुसरा वरच्या नळीवर. उतरलो की ओल्या फडक्याने हँडलबार, स्टेम, हेडसेट पुसतो, मग कोरड्या फडक्याने. चेनवर घाम पडला असेल तर पुसून एक थेंब तेल. महिन्यातून एकदा स्टेमचे बोल्ट सैल करून, ग्रीस लावून, परत नेमक्या ताणाने आवळतो. आणि बाहेर निघायच्या आदल्या आठवड्यात टेप पूर्ण काढून खालची धातू उजेडात तपासतो, ट्रेनरसाठी बदललेला मागचा आस काढून मूळचा परत घालतो, ब्रेक दाबून बघतो.